प्रोस्टेटचा दाह: गोळी घेण्याआधी प्रकार विचारा

लघवीला जळजळ झाली की आपल्याकडे पहिले निदान घरातच होते. ‘उन्हाळी लागली’ म्हणत धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, ताक सुरू होते. दोन-चार दिवसांत बरे वाटले तर प्रश्न मिटतो. काही पुरुषांच्या बाबतीत मात्र तो मिटत नाही. जळजळ कमी होते, पण ओटीपोट जड वाटत राहते. अंडकोश आणि गुदद्वार यांच्या मधली जागा खुर्चीत बसले की दुखते. लघवी करून आल्यावर थोड्याच वेळात पुन्हा जावेसे वाटते. वीर्यपतनाच्या वेळी किंवा त्यानंतर कळ येते. वय असते तीस, पस्तीस, पंचेचाळीस. हे दुखणे बायकोला सांगणे अवघड, मित्रांना सांगणे त्याहून अवघड आणि आईवडिलांना सांगणे तर अशक्यच.

अशा रुग्णांच्या फायली पाहिल्या तर त्या पुष्कळशा सारख्या असतात. पहिल्या पानावर फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिलेला पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स. मग दुसऱ्या डॉक्टरांचा दहा दिवसांचा. मग सोनोग्राफी आणि तिच्या अहवालात ‘प्रोस्टेट किंचित वाढलेली, प्रोस्टेटायटिसची शक्यता’ असा शेरा. त्यानंतर तीन आठवड्यांचा तिसरा कोर्स. औषधाचे नाव वेगळे, गट तोच. मध्येच कुठे तरी ‘गुप्तरोग तज्ज्ञा’कडच्या पुड्या, ज्यांची पावती फायलीत नसते. एवढ्या कागदांत एक कागद मात्र अनेकदा सापडत नाही. तो म्हणजे लघवीच्या कल्चरचा अहवाल. जंतू मारायचे औषध तीन वेळा दिले गेले, पण जंतू आहेत का, हे एकदाही पाहिले गेले नाही.

या लेखाचा मुद्दा तेवढाच आहे. ‘प्रोस्टेटचा दाह’ हा एक आजार नाही. त्या नावाखाली चार वेगवेगळ्या अवस्था मोडतात आणि प्रत्येकीचा उपचार वेगळा आहे. आपला प्रकार कोणता, हे न ठरवता अँटिबायोटिकचे कोर्स देत आणि घेत राहण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती रुग्णाचे नुकसान करते. ती मोडायची तर डॉक्टरांइतकेच रुग्णांनाही पुढे यावे लागेल.

ग्रंथी एक, अवस्था चार

प्रोस्टेट म्हणजे पुरःस्थ ग्रंथी. मूत्राशयाच्या खाली, मूत्रनलिकेला वेढून असलेली ही ग्रंथी तरुणपणी साधारण अक्रोडाएवढी, सुमारे २० ग्रॅम वजनाची असते. वीर्यातील द्रवाचा काही भाग ती तयार करते. तिच्या वर मूत्राशय, मागे गुदाशय आणि खाली ओटीपोटातील अवयवांना झोळीसारखे तोलून धरणारे स्नायू. इतक्या दाटीच्या जागी दुखायला लागले, तर दुखण्याचा उगम ग्रंथीत आहे, स्नायूंत आहे की नसांत, हे रुग्णाला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही ते वरवर पाहून ठरवता येत नाही.

हा गोंधळ कमी करण्यासाठी अमेरिकेच्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’ने १९९५ मध्ये तज्ज्ञांना एकत्र बसवून चार प्रकारांची वर्गवारी ठरवली. ती १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आजही जगभर वापरली जाते.

पहिला प्रकार तीव्र जंतुसंसर्गाचा. थंडी वाजून ताप, लघवीला प्रचंड जळजळ, ओटीपोटात जोराच्या कळा, कधी लघवी पूर्ण अडकणे. हा तातडीचा आजार आहे. इथे अँटिबायोटिक लगेच सुरू करावेच लागते, कधी रुग्णालयात दाखल होऊन शिरेतून घ्यावे लागते. पण तेव्हाही औषधाचा पहिला डोस देण्याआधी लघवीचा नमुना कल्चरसाठी पाठवता येतो आणि तो पाठवायला हवा.

दुसरा प्रकार जुनाट जंतुसंसर्गाचा. इथे ग्रंथीत जंतू दडी मारून बसतात आणि लघवीचा संसर्ग पुन:पुन्हा डोके वर काढतो. दर वेळी कल्चरमध्ये बहुधा तोच जंतू सापडतो आणि तो बऱ्याचदा ई-कोलाय असतो. बहुतेक अँटिबायोटिक प्रोस्टेटच्या आत नीट पोचत नाहीत. म्हणून इथे नेमके औषध निवडून ते चार ते सहा आठवडे द्यावे लागते. पाच दिवसांचा कोर्स या प्रकारात अपुराच पडतो.

तिसरा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, कारण सर्वाधिक रुग्ण याच प्रकारचे असतात. गेल्या सहा महिन्यांतले किमान तीन महिने ओटीपोटात, अंडकोशात, शिश्नात किंवा त्या मधल्या जागी दुखणे, बरोबर लघवीच्या किंवा लैंगिक तक्रारी आणि तपासणीत मात्र जंतू नाहीत. डॉक्टर याला ‘क्रॉनिक पेल्व्हिक पेन सिंड्रोम’ म्हणतात. मराठीत सरळ ‘ओटीपोटाचे जुनाट दुखणे’ म्हणता येईल.

चौथ्या प्रकारात ग्रंथीत दाह असतो, पण त्रास काहीच नसतो. दुसऱ्या कारणासाठी केलेल्या बायोप्सीत किंवा वीर्यतपासणीत तो योगायोगाने आढळतो आणि त्यावर बहुधा उपचारांची गरज नसते.

तिसरा आणि चौथा प्रकार शेजारी ठेवून पाहा. चौथ्यात दाह आहे, पण दुखणे नाही. तिसऱ्यात दुखणे आहे, पण बऱ्याच रुग्णांत दाहाच्या पेशीही सापडत नाहीत. तरी दोघांना नाव एकच, प्रोस्टेटायटिस. नावातच ‘दाह’ आहे म्हटल्यावर जंतू गृहीत धरले जातात आणि जंतू गृहीत धरले की अँटिबायोटिक लिहिले जाते.

प्रत्यक्षात प्रोस्टेटायटिसचे निदान झालेल्या दहा रुग्णांपैकी जंतूंमुळे आजारी असलेला जेमतेम एखादा असतो. उरलेले सुमारे नऊ तिसऱ्या प्रकारातले. निरनिराळ्या देशांतील पाहण्या पाहिल्या तर प्रौढ पुरुषांपैकी २ ते १० टक्क्यांना अशी लक्षणे असल्याचे दिसते. म्हणजे शंभर पुरुष काम करत असलेल्या कार्यालयात दोन ते दहा जण हे दुखणे घेऊन मुकाट्याने खुर्चीत बसलेले असू शकतात.

जंतू नाहीत, तरी औषध जंतूंचेच

तिसऱ्या प्रकारात जंतूंचा हात किती, हे पाहण्यासाठी उत्तर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. तो २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ओटीपोटाचे जुनाट दुखणे असलेल्या ४६३ पुरुषांची आणि असा कोणताही त्रास नसलेल्या १२१ पुरुषांची सारखीच तपासणी केली गेली. प्रोस्टेटमधून आलेले म्हणता येतील असे रोगकारक जंतू दुखणाऱ्यांपैकी सुमारे ८ टक्क्यांत सापडले. न दुखणाऱ्यांतही ते सुमारे ८ टक्क्यांतच सापडले. जंतूंची संख्या आणि दुखण्याची तीव्रता यांचाही मेळ बसला नाही.

पुढच्याच वर्षी औषधाची थेट परीक्षा झाली. १९६ रुग्णांचे गट करून त्यांना सहा आठवडे सिप्रोफ्लॉक्सासिन, लघवीचा मार्ग सैल करणारे टॅमसुलोसिन, दोन्ही औषधे किंवा औषध नसलेली नकली गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णांना माहीत नव्हते आणि डॉक्टरांनाही नव्हते. सहा आठवड्यांनंतर औषधे घेणाऱ्यांना नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा फारसा जास्त आराम पडलेला नव्हता.

या चाचणीचा अर्थ ताणून लावू नये. तिच्यातले रुग्ण जुने होते, त्यांचे आधी बरेच उपचार झालेले होते. लक्षणे नवी असतील आणि आधी अँटिबायोटिक घेतलेले नसेल, तर एकदा नीट मुदतीचा कोर्स देऊन पाहण्यास काही मार्गदर्शक सूचना वाव देतात. त्याला माझा विरोध नाही. आक्षेप आहे तो कल्चर निर्दोष असताना किंवा कल्चर केलेलेच नसताना दिल्या जाणाऱ्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या कोर्सला.

रुग्ण यावर म्हणतो, ‘पण डॉक्टर, गोळ्या सुरू असताना मला बरे वाटले होते.’ तो खोटे बोलत नाही. हे दुखणे मुळातच चढ-उताराचे असते. काही आठवडे तीव्र, काही आठवडे सौम्य. माणूस डॉक्टरांकडे जातो तो ते शिगेला पोचल्यावर. तिथून ते आपोआप थोडे खाली येते आणि श्रेय गोळीला मिळते. शिवाय काही अँटिबायोटिक जंतू मारण्याखेरीज दाह थोडा कमी करतात, असेही संशोधकांना वाटते. या तात्पुरत्या आरामामुळे पुढच्या वेळी तोच माणूस जुनी चिठ्ठी घेऊन थेट औषधाच्या दुकानात जातो.

याची किंमत मोजावी लागते. प्रोस्टेटसाठी सर्वाधिक वापरली जाणारी सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन ही औषधे फ्लुरोक्विनोलोन गटातली. ती ग्रंथीत चांगली पोचतात, म्हणून जंतुसंसर्ग असेल तेव्हा ती मोलाची आहेत. पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा त्यांच्यामुळे दुखावू किंवा तुटू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्याबाबतचा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकावर सक्तीचा केला. २०१६ मध्ये नसांना होणाऱ्या इजेसह इतर दुष्परिणाम लक्षात घेऊन, साध्या संसर्गात दुसरा पर्याय असेल तर ही औषधे टाळावीत, असे सांगितले. मधुमेहींमध्ये त्यांच्यामुळे रक्तातली साखर एकदम खाली-वर होऊ शकते. आणि गरज नसताना घेतलेल्या प्रत्येक कोर्सबरोबर आतड्यातले जंतू त्या औषधाला सरावतात. उद्या खराच संसर्ग झाला, तर हाताशी असलेले चांगले औषध बोथट झालेले असते.

आपल्या देशात आणखी एक धोका आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि क्षय फक्त फुप्फुसाचा नसतो. तो मूत्रपिंडाला, मूत्रमार्गाला, प्रोस्टेटलाही होतो. लघवीत पस सेल्स सतत दिसतात, पण नेहमीच्या कल्चरमध्ये काही उगवत नाही, असे चित्र असेल तर क्षयाचा विचार करायलाच हवा. फ्लुरोक्विनोलोन औषधे क्षयाच्या जंतूंनाही काही प्रमाणात दाबतात. त्यामुळे रुग्णाला चार दिवस बरे वाटते, निदान मात्र लांबते. तेवढ्या काळात मूत्रपिंडाचे नुकसान होत राहू शकते.

मग दुखते कशाने?

जंतू नाहीत असे सांगितले की रुग्णाच्या चेहऱ्यावर दोन भाव दिसतात. आधी सुटकेचा, मग अपमानाचा. ‘म्हणजे मला काही झालेलेच नाही? मी नाटक करतो?’ घरचेही म्हणू लागतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग आता मनातून काढून टाक.’

दुखणे खरे असते. दिवसभर मूठ आवळून ठेवली तर संध्याकाळी हात दुखेल. तपासणीत हाताला काही झालेले दिसणार नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असेच नकळत आवळलेले राहू शकतात. कधी सुरुवात खऱ्या संसर्गाने होते. दुखते म्हणून माणूस तो भाग आखडून धरतो, संसर्ग बरा होतो, पण आखडणे राहून जाते. त्या भागातल्या नसाही हळव्या होतात आणि मूत्राशय जरासे भरले तरी कळ पोचवू लागतात. त्यात काळजीची भर पडली की स्नायू आणखी आवळतात. या दुखण्याचा जगण्यावर होणारा परिणाम हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेल्या रुग्णांच्या तोडीचा असल्याचे एका अभ्यासात दिसले होते. त्याला ‘मनाचे खेळ’ म्हणणे अन्यायाचे आहे. मनाचा त्यात वाटा नाही, असे म्हणणेही तितकेच चुकीचे.

म्हणूनच आता तज्ज्ञ या रुग्णांना एकच औषध देण्याऐवजी सहा अंगांनी पाहतात: लघवीच्या तक्रारी, मनावरचा ताण, खुद्द प्रोस्टेट, जंतुसंसर्ग, नसांचा हळवेपणा आणि स्नायूंचे आखडणे. ज्याचे जे अंग बिघडलेले असेल, त्यावर उपचार. लघवीची धार बारीक असेल तर मार्ग सैल करणारी औषधे. वेदनेसाठी थोड्या मुदतीची दाहशामके. नसांचा हळवेपणा जास्त असेल तर त्यासाठीची वेगळी औषधे. झोप उडाली असेल, नैराश्य असेल तर समुपदेशन. आणि स्नायू आखडलेले असतील तर फिजिओथेरपी.

या शेवटच्या उपचाराकडे आपण फारच कमी पाहतो. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी म्हणजे बाळंतपणानंतर बायकांनी करायचे व्यायाम, अशी समजूत आहे. पुरुषांवर असे उपचार करणारे फिजिओथेरपिस्ट मोठ्या शहरांतही शोधावे लागतात. मग रुग्ण मोबाइलवर पाहून ‘केगल’ व्यायाम सुरू करतो. हा व्यायाम स्नायू आवळण्याचा आहे. ज्याचे स्नायू आधीच आवळलेले आहेत, त्याचे दुखणे त्याने वाढू शकते. त्याला शिकायचे असते ते सैल सोडणे: पोटाने खोल श्वास घेणे, मांड्या आणि नितंबांचे हलके ताण देणारे व्यायाम, लघवी-शौचाला जोर न करणे. चीनमध्ये ४४० रुग्णांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवड्यांच्या खऱ्या अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग नकली अ‍ॅक्युपंक्चरपेक्षा जास्त दिसला. हा काही रामबाण उपाय नव्हे. पण अँटिबायोटिकशिवायही पुष्कळ काही करता येते, एवढे त्यातून नक्की कळते.

साध्या गोष्टींचाही फरक पडतो. सलग दोन-तीन तास बसून न राहणे, लांबच्या दुचाकी प्रवासात मध्ये उतरून चालणे, गरम पाण्याच्या टबात बसणे, बद्धकोष्ठ होऊ न देणे, रोज चालणे. तिखट, चहा-कॉफी, दारू यांपैकी कशाने त्रास वाढतो, हे माणसागणिक वेगळे असते. प्रत्येकाने महिनाभर नोंद ठेवून स्वतःचे पथ्य स्वतः शोधावे. सरसकट सगळेच बंद करण्याची गरज नसते.

भीतीवर चालणारा धंदा

या आजाराबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून जो बोलतो त्याचे ऐकले जाते. रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर, एसटी स्टँडच्या मुताऱ्यांत आणि आता मोबाइलच्या पडद्यावर कोण बोलते, हे आपण पाहतोच. लघवीची जळजळ, वीर्य, ‘धातू जाणे’ आणि पुरुषत्व हे सगळे एकाच पाटीवर लिहिलेले असते. तरुण मुलगा ओटीपोटाच्या दुखण्याचा अर्थ स्वतःच्या जुन्या ‘चुकां’शी जोडतो आणि हजारो रुपये घालवून बसतो.

‘औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ आपल्याकडे १९५४ पासून आहे. ज्या आजारांवर औषध असल्याची जाहिरात करण्यास तो मनाई करतो, त्यांच्या यादीत प्रोस्टेट ग्रंथीचे विकारही आहेत आणि नपुंसकत्वही. सत्तर वर्षांचा कायदा असताना भिंती मात्र भरलेल्या आहेत. लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधेही २०१४ पासून एच-१ या यादीत आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद दुकानदाराने ठेवायची असते. तरीही जुनी चिठ्ठी दाखवून, कधी रिकामे पाकीट दाखवून ती मिळतात. कायदे आहेत, ते राबवले जात नाहीत. अन्न व औषध प्रशासनाने आणि महापालिकांनी या भिंती आणि ही दुकाने एकदा मनावर घेण्याची गरज आहे.

भीतीची दुसरी जागा म्हणजे पीएसए ही रक्ततपासणी. प्रोस्टेट दाहात असताना पीएसएचा आकडा वाढू शकतो, तीव्र संसर्गात तर तो बराच वर जातो. आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये हा आकडा लाल अक्षरांत छापून येतो आणि चाळिशीतल्या माणसाची झोप उडते. संसर्ग असेल तर तो बरा होऊन सहा ते आठ आठवडे गेल्यावर तपासणी पुन्हा करावी, आकडा तेव्हाही चढाच असेल तर मात्र पुढच्या तपासण्या टाळू नयेत. प्रोस्टेटायटिस झाला म्हणजे पुढे कर्करोग होणारच, असे अजिबात नाही.

तिसरी भीती घरातली. ‘हा आजार तुम्हाला बाहेरून तर लागला नाही ना?’ हा प्रश्न अनेक संसारांत उघड न विचारता मनात राहतो. ओटीपोटाचे जुनाट दुखणे संसर्गजन्य नाही, जोडीदाराला लागत नाही आणि शरीरसंबंधांमुळे ग्रंथीचे नुकसान होत नाही. क्लॅमिडिया, गोनोरिया असे लैंगिक संबंधांतून होणारे संसर्ग मात्र अशीच लक्षणे दाखवू शकतात. तशी शक्यता असेल तर डॉक्टरांना ती मोकळेपणाने सांगावी, कारण त्याच्या तपासण्या आणि औषधे वेगळी आहेत आणि जोडीदारावरही उपचार करावे लागतात. दोन्ही बाजूंनी संशय मिटवायचा तोच मार्ग आहे.

डॉक्टरांची अडचण

सगळा दोष डॉक्टरांवर टाकणे सोपे आहे आणि अन्यायाचेही. तालुक्याच्या गावातल्या डॉक्टरपुढे बाहेर पंधरा रुग्ण थांबलेले असतात. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात, त्याला काही शे रुपये पडतात आणि रुग्ण अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला असतो. त्याला आज, आत्ता गोळी हवी असते. गोळी न देणारा डॉक्टर त्याच्या लेखी ‘काही न करणारा’ असतो. तो उठून शेजारच्या दवाखान्यात जातो आणि तिथे त्याला तीच गोळी मिळते.

नेमकी तपासणीही किचकट आहे. मीयर्स आणि स्टॅमी यांनी १९६८ मध्ये मांडलेली चार नमुन्यांची पद्धत शास्त्रशुद्ध, पण वेळखाऊ. ती फारशी केली जात नाही. तिच्या जागी दोन नमुन्यांची सोपी पद्धत आहे. गुदद्वारातून बोटाने प्रोस्टेट हलके दाबण्यापूर्वीची लघवी आणि त्यानंतरची लघवी, अशी दोन्हींची तुलना करायची. यासाठी मोठे यंत्र लागत नाही; हातमोजा, दोन बाटल्या, लॅब आणि दहा मिनिटे पुरतात. तीव्र संसर्गात मात्र ग्रंथी अशी दाबायची नसते, कारण जंतू रक्तात उतरू शकतात. दुसरीकडे, सोनोग्राफीत दिसलेली किंचित वाढ किंवा कॅल्शियमचे ठिपके एवढ्यावरून प्रोस्टेटायटिस ठरत नाही. तरी सोनोग्राफी सर्रास होते आणि कल्चर राहून जाते.

रुग्णाची नोंद ठेवण्यासाठीही साधन आहे. १९९९ मध्ये तयार झालेल्या नऊ प्रश्नांच्या तक्त्यात वेदना, लघवी आणि जगण्यावरचा परिणाम यांना मिळून ४३ गुण आहेत. उपचारापूर्वी आणि नंतर तो भरला, तर सुधारणा झाली की नाही, हे आकड्यात कळते. सहा गुणांची घट ही खरी सुधारणा मानली जाते. हा तक्ता सोप्या मराठीत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि दवाखान्यात हवा. जे शब्द तोंडातून फुटत नाहीत, त्यांच्यापुढे बरोबरची खूण करणे पुरुषाला सोपे जाते.

रुग्णाने काय करावे

सगळ्यांत आधी, कुठे थांबायचे नाही ते लक्षात ठेवावे. थंडी-ताप, लघवी अडकणे, लघवीतून रक्त, उलट्या किंवा गळून जाणे यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. मधुमेही, नुकतीच नळी घातलेले किंवा प्रोस्टेटची बायोप्सी झालेले यांनी तर जराही वाट पाहू नये. तिथे अँटिबायोटिकला नाही म्हणणे जिवावर बेतू शकते.

तशी तातडी नसेल आणि दुखणे आठवडेच्या आठवडे रेंगाळत असेल, तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत. माझा प्रकार कोणता? औषध सुरू करण्यापूर्वी कल्चर करायचे का? या कोर्सने बरे वाटले नाही, तर पुढे काय करायचे? प्रश्न अदबीने विचारावेत, पण विचारावेत. आधी घेतलेल्या सगळ्या औषधांची यादी, पुड्यांसकट, समोर ठेवावी. बोटाने करायच्या तपासणीचा संकोच करू नये; ती मिनिटभरात होते आणि ग्रंथी दुखते की भोवतीचे स्नायू, हे तिच्यातूनच कळते.

आणि तपासणीत जंतू नाहीत असे निघाले, तर ‘काही निघाले नाही’ असे म्हणून फाईल कपाटात टाकू नये. जंतू नसणे हाही निष्कर्षच आहे. अँटिबायोटिकचा रस्ता आपला नाही, एवढे त्याने कळते आणि स्नायूंकडे, नसांकडे, झोपेकडे, बसण्याच्या सवयींकडे पाहायला सुरुवात होते. या रस्त्याने सुधारणा हळू होते, आठवड्यांऐवजी महिने लागतात, मधे दुखणे पुन्हा उचल खाते. पण बऱ्याच जणांना आराम पडतो आणि पुष्कळांचे जगणे पूर्वीसारखे होते.

प्रोस्टेटविषयी जी काही शिबिरे होतात, ती साठीच्या पुढच्यांसाठी असतात आणि त्यांत चर्चा असते ती वाढलेल्या ग्रंथीची आणि कर्करोगाची. ती व्हायलाच हवी. पण पस्तिशीतला जो माणूस आज कार्यालयात खुर्चीवर एका कुशीला कलून बसला आहे, त्याच्यासाठी कोणी शिबिर भरवत नाही. त्याने निदान पुढची गोळी घेण्याआधी आपला प्रकार कोणता, एवढे तरी डॉक्टरांना विचारावे.